नजरेला नजर

चष्म्याच्या दुकानात एकदा कोणती नटी आली होती, हे दुकानदाराने आजवर कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. आज नवा जावई तावडीत सापडला होता.

"याच खुर्चीत बसली होती ती. तेव्हा तिच्या सिनेमाला तिकिटांची मारामार असायची. तिचा जाड भिंगांचा चष्मा मी माझ्या हाताने काढून घेतला, आणि ती जी टक लावून माझ्याकडे बघत बसली! समोरचा अक्षरांचा तक्ता राहिला बाजूला. मी तेव्हा जेमतेम तिशीतला, दिसायलाही बरा. शेवटी मीच लाजलो."

"काही बोलली का?" जावयाने खुर्चीवरून हळूच हात फिरवत विचारलं.

"बोलायचं काय त्यात? डोळ्यांतच सगळं आलं."

चहा घेऊन आलेल्या सासूबाई इतकी वर्षं हे ऐकून गालातल्या गालात हसत आल्या होत्या. आज मात्र त्यांनी जावयाच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही घरचेच, तुमच्यापासून काय लपवायचं?

"दुसऱ्या दिवशी मी इथेच होते. तिने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि म्हणाली, 'काका, जरा आरसा देता?'"