कॉफीत धुतलेला रोल

अमिषानं काळा डबा उलटा केला, सुलटा केला आणि ओट्यावर ठक्कन आपटला.

"सहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "अजून तीन."

तिचा बाप दत्तात्रेय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघत होता. सकाळपासून ओटा लेकीनं अडवला होता. कॉफीची बाटली, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची पूड. कॉफीत सोडा पडल्यापासून घरभर भिजक्या गोणपाटाचा वास सुटला होता.

"कॉफीनं खरंच फोटो निघतो?"

"निघतो. आत रोल आहे, कॉफी त्याच्यावर चित्र उठवते. ते पक्कं होईपर्यंत उजेड लागता कामा नये. लागला की सगळं काळं."

दत्तात्रेयनं मान हलवली. चार दिवसांपूर्वी, तांबडं फुटताना, डंपरांनी त्याच्या मिठागराचा बांध फोडून आत माती ओतली होती. मिठाच्या राशी मातीखाली गेल्या. अमिषा धावत गेली, तेव्हा तिथल्या माणसांनी तिचा फोन हिसकावून खाडीत फेकला. गळ्यातला जुना कॅमेरा बघून ते नुसते हसले. त्यात तिनं गाड्यांचे नंबर आधीच टिपले होते.

गावात कुजबुज होती की त्यात दत्तात्रेयच्या मुलाचे, अल्पेशचेही डंपर होते. दत्तात्रेयनं पोराला समोर बसवून विचारलं. "माज्या दोनी गाड्या उरणला व्हत्या," अल्पेश म्हणाला. मग दत्तात्रेय देवळापुढं उभा राहिला आणि चारचौघांत ओरडला, की माझ्या पोराचं नाव घेईल त्याची जीभ हासडीन.

"परवा पंचनामा हाय," तो आता म्हणाला. "नंबर दिसू देत एकदाचे. लोकांची तोंडं बंद होतील."

अमिषानं डबा पुन्हा उलटा केला.

बाहेर मोटरसायकल थांबली. अल्पेश चपला न काढताच आत आला.

"कसला वास ह्यो? काय चाललंय?"

"रोल धुतेय."

"कुठला?"

"त्या दिवसाचा," दत्तात्रेयच बोलला. "डंपरांचा. बस हितं. आज तुजं नाव साफ होतंय."

अल्पेश बसला नाही.

"बंद कर ते, अमिषा."

"का?"

"मोठी माणसं हायत ती. त्यांच्याशी वाकडं घ्यायचं न्हाय."

"बांध त्यांनी फोडला, आणि वाकडं मी घेतेय?" तिचा आवाज चढला. "बाबांचं मिठागर गेलं, दादा! तू एकदा तरी बघायला आलास तिकडे?"

"बंद कर सांगतो!"

"एक मिनिट राहिलंय."

अल्पेशनं तिला ढकललं. तिचं कोपर ओट्याच्या कडेवर आपटलं. डबा उचलून त्यानं झाकण पिळलं, काळपट कॉफी त्याच्या शर्टावर उडाली. आतल्या चकतीवरचा रोल त्यानं ओरबाडून काढला आणि मागच्या दारात नेऊन उन्हात धरला. बघता बघता रोल काळाठिक्कर पडला.

"आता दाव," तो धापा टाकत म्हणाला. "आता दाव कोनाला दावायचं ते!"

अमिषा कोपर धरून उभी होती.

"हा तो रोल नाही. हा तेजस्वीच्या बारशाचा. कॉफी जमतेय का बघायला आधी हा घेतला. बारशाचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, बिघडला तर बिघडला म्हटलं. डंपरांचा अजून कॅमेऱ्यातच आहे."

तेजस्वी अल्पेशची मुलगी, सहा महिन्यांची. त्यानं हातातल्या रोलकडे पाहिलं. टोकावरून कॉफी गळत होती.

"बाबा, ऐका..." अल्पेश म्हणाला.

दत्तात्रेय उठला होता.

"गाड्या उरणला व्हत्या ना तुज्या? मग भ्यालास कशाला?"

"नुसती माती टाकायची बोललेले ते. बांध फोडतील हे मला..."

"मी तुज्यासाठी देवळापुढं हुबा ऱ्हायलो!" दत्तात्रेयचा आवाज फाटला. "समद्या गावाला खोटं पाडलं मी! समद्या गावाला!" त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "चपला घालून घरात आलायस. भायेर हो."

अल्पेश मागच्या दारानं बाहेर गेला, पण अंगणातच उभा राहिला.

दत्तात्रेय लेकीकडे वळला. "दुसऱ्या रोलापुरती कॉफी हाय?"

"आहे. पण चित्र पक्कं करायचं औषध अलिबागलाही मिळालं नाही. मिठाच्या दाट पाण्यात एक दिवस-रात्र ठेवला तर होतं म्हणतात."

"मिठाच्या?"

तो आतल्या खोलीत गेला आणि बांध फुटायच्या आधी भरलेली शेवटची गोणी फरफटत घेऊन आला. शिवण त्यानं दातांनी तोडली. गोणी ओट्यावर चढवली आणि पातेल्यात मीठ ओतू लागला.

"बास, बाबा. अर्धा किलो पुरे."

पातेलं भरलं. ओटा भरला. मीठ जमिनीवर सांडू लागलं, तरी तो गोणी उपडी धरून उभाच होता.