मुशीतलं सोनं

करावे गावच्या जानूला एका बैराग्याने तांब्याचं सोनं करायची किमया सांगितली. नवे पैसे आल्यावर बाद झालेले भोकाचे पैसे आणि पारा मुशीत तापवत तो दिवसभर धुरात खोकत बसायचा. होडी काठावर सुकत पडली. नवऱ्याचा पडलेला चेहरा बायजाला बघवेना. एकदा मूस गार होत असताना तिने मंगळसूत्रातला सोन्याचा मणी ठेचून हळूच आत टाकला. सोनं दिसलं की त्याची हौस फिटेल आणि तो पुन्हा खाडीत जाळं टाकेल, असं तिला वाटलं. सोनं पाहून जानू नाचला, आणि दुसऱ्याच दिवशी मोठी भट्टी बांधण्यासाठी त्याने होडी विकली. त्याला आज सात वर्षं झाली. “येकदा झालंय ना गो, परत होनारच,” तो खोकत म्हणाला. खरं सांगायला बायजाने तोंड उघडलं, आणि त्याच तोंडाला फुंकणी लावली.