पातळ भिंती

युद्धानंतर चेक सरकारनं गावातल्या जर्मनांना देशाबाहेर काढलं. काचकारखान्याला कारागीर हवा होता, म्हणून ओटमार आणि त्याची बायको हेर्टा तेवढे राहिले. पण घराबाहेर जर्मन शब्द काढायची चोरी होती.

कळा सुरू झाल्या तेव्हा हेर्टानं उशीत दात रोवले. चेक सुईण ब्लाझेनानं ती उशी ओढून घेतली.

"ओरड पोरी, तुझ्याच भाषेत ओरड."

हेर्टा पोटभर ओरडली. मग बाळही.

थोड्या वेळानं दार वाजलं. ओटमारनं ते जपून, जेमतेम फटीएवढं उघडलं. दारात शेजारच्या चेक बाई उभ्या होत्या.

"सगळं ऐकू आलं आम्हाला," त्या म्हणाल्या. "मुलगा की मुलगी?"

गडबडीत ओटमार जर्मनमध्येच "मुलगी" म्हणाला. बाई हसल्या, त्याच्या हातात लोकरीची इवलीशी टोपी ठेवली आणि तोच जर्मन शब्द म्हणून बघू लागल्या.