एक तार कमी

वडनेरच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नत्थूजी गुरुजी सह्यांचे कागद घेऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर देवकाबाईंचा अंगठा काही केल्या उमटत नव्हता. तिसऱ्यांदा शाईत बुडवून दाबला, तरी कागदावर नुसता निळा डाग. चाळीस वर्षं टकळीवर सूत कातून अंगठ्याच्या रेघा पार झिजून गेल्या होत्या.

ब्याऐंशी सालचा मे महिना होता. जूनमध्ये न्यूयॉर्कला सगळ्या देशांची बैठक भरणार होती, अणुबॉम्ब कमी कसे करायचे ते ठरवायला. त्या बैठकीपुढे ठेवायला देशोदेशीची माणसं सह्या पाठवत होती, आणि वडनेरनंही आपल्या दोनशे अकरा जमवल्या होत्या. चारच्या बसनं कागद वर्ध्याला गेले नाहीत, तर उद्या दिल्लीला निघणारं गाठोडं चुकणार होतं. साडेतीन वाजून गेले होते.

"राहू द्या, देवकाबाई," गुरुजी म्हणाले. "हे पाहून ते म्हणतील, शाई सांडली."

देवकाबाईंनी पदरानं अंगठा पुसला. त्या आता मुकाट्यानं घरी जातील असं ज्याला वाटलं असेल, त्याला देवकाबाई ठाऊक नाहीत. त्यांनी पिशवीतून सुताची गुंडी काढली आणि कागदांवर ठेवली. दर फेब्रुवारीत पवनारच्या मेळ्यात त्या अशीच एक गुंडी देत. आपल्या हातानं कातलेल्या सहाशे चाळीस तारा, म्हणजे शांततेला आपलं एक मत. त्यांच्या लेखी यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"हे माहं मत. हे धाडा."

"तिकडे सूत नाई चालत, बाई. तिकडे सूत कोण मोजते?"

"बॉम्ब मोजता येते ना त्याईले? मंग सूत काऊन नाई मोजता येत?"

सरपंच रूपराव खांबाला टेकून घड्याळ बघत होते. त्यांना हसू आलं. गुरुजींना आलं नाही. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या माणसाला हा हिशेब पटला. "बरं, बांधतो सोबत," म्हणून त्यांनी गुंडी उचलली.

"मोजल्याबिगर?" देवकाबाईंनी त्यांचा हात धरला. "तुम्ही माह्या तोंडाकडे पाहून इस्वास ठेवता, गुरुजी. ते कायले ठेवतीन? मोजा."

गुंडीच्या चार लट्या असतात, एकेकीत एकशे साठ तारा. गुरुजी चष्मा नाकावर ओढून मोजायला बसले. तीन लट्या चोख निघाल्या. चौथीत एकशे एकोणसाठ भरल्या. त्यांनी घाम पुसला आणि पुन्हा मोजल्या. एकशे एकोणसाठच.

देवकाबाईंचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांत त्यांची गुंडी कुणी कधी मोजली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. अंगठा उमटला नाही त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण याची लाज वाटली.

तेवढ्यात सडकेवरून बसचा भोंगा ऐकू आला.

"एका तारेनं काय होते, काकू?" रूपराव घाईघाईनं म्हणाले. "बस येऊन राह्यली. बांधा, गुरुजी."

"तेवढ्यानंच तं होते, रूपराव. त्याईनं एक बॉम्ब लपवून ठेवला, तं चालन तुमाले?"

असं म्हणून त्या ओट्यावर मांडी घालून बसल्या, पिशवीतून टकळी आणि कापसाचा पेळू काढला आणि कातायला लागल्या. जो अंगठा कागदावर उमटत नव्हता, त्यानं टकळीला अशी गिरकी दिली की ती गर्रकन फिरली.

रूपराव धोतर सावरत ओटा उतरले, आणि सगळ्या गावादेखत सडकेवर जाऊन बसच्या समोर उभे राहिले.

"काय झालं, पाटील?" कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "कोणी बिमार हाय का?"

"नाई. वडनेरची गुंडी पुरी होऊन राह्यली," रूपराव म्हणाले. "न्यूयॉर्कले जायाची हाय. थांबा जराक."

बस थांबली. उतारू खिडक्यांतून माना काढून ओट्याकडे बघू लागले. देवकाबाईंनी मान वर केली नाही. एका तारेपुरतं चार फूट सूत निघालं, ते त्यांनी लटीला जोडलं आणि गुरुजींपुढे धरलं. गुरुजींनी ती लट पहिल्यापासून मोजली. एकशे साठ.

दोनशे अकरा सह्या जमल्या तेव्हाही गुरुजींना इतका अभिमान वाटला नव्हता. त्यांनी पेन उघडलं. त्या निळ्या डागाशेजारी फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, खाली तेच इंग्रजीत लिहिलं, आणि कागद बांधायच्या आधी देवकाबाईंना वाचून दाखवलं:

"देवकाबाई, राहणार वडनेर. सुताची गुंडी एक, तारा सहाशे चाळीस. एक कमी निघाली होती, ती आमची आम्ही भरून दिली. मोजून पाठवली आहे. आपणही मोजून घ्यावी."