अठरा दिवसांचं व्याज

निकाल वाचून झाला तरी दिवाकर उभेच होते. वकील पुष्करने हळूच त्यांची बाही ओढली.

"काकाजी, बसा. जिंकलो आपण."

दिवाकर बसले. शेजारी इरावतीबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून दिवाकर नेहमी त्यांच्या उजवीकडे बसत.

"काय म्हणाले साहेब?"

"मुआवजा वाढवून दिला. आणि जमिनीचा कब्जा घेतला त्या दिवसापासूनचं व्याजही."

"पक्कं ना?"

"एकदम पक्कं."

"सुटले बाई एकदाची," इरावतीबाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

मानपूरच्या अलीकडे दिवाकरांच्या वडिलांची आणि इरावतीबाईंच्या सासऱ्यांची शेतं बांधाला बांध लागून होती. सीलिंगचा कायदा आला. मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घेतली आणि भूमिहीनांना वाटली. त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी ब्र काढला नाही. भांडण होतं ते मुआवज्याचं, मोबदल्याचं. कागदावर ठरलेल्या रकमेत एक विहीरसुद्धा खणून झाली नसती, आणि ती रक्कमही वर्षानुवर्षं कुणाच्या हाती पडली नाही. वडील भांडता भांडता गेले. इरावतीबाईंचे यजमानही गेले. दोन्ही दावे एकत्र चालत होते, त्यामुळे रेल्वेतून रिटायर झालेले दिवाकर आणि शाळेतून रिटायर झालेल्या इरावतीबाई एक दिवस एकाच बाकावर येऊन बसले. त्याला चौदा वर्षं झाली.

चौदा वर्षं पेशीमागून पेशी, तारखेमागून तारीख. कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकील नवे, कधी फाइल भोपाळला गेलेली. दिवाकर परदेशीपुऱ्याहून बसने येत, इरावतीबाई खजराण्याहून रिक्षाने. अकराला हजर व्हायचं आणि तीनला पुढची तारीख ऐकून उठायचं. या चौदा वर्षांत दिवाकरांच्या गुडघ्यांनी जवाब दिला, इरावतीबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुपारी त्या डबा उघडत आणि थालिपीठाचे दोन भाग करत. "खाऊन घ्या, दिवाकरजी. आज काही होत नाही." आणि खरंच काही होत नसे.

घरी आल्यावर दिवाकर बूट न काढताच पलंगावर पडत. पुण्याहून परेशचा फोन येई.

"बाबा, सोडून द्या ना. किती दमता! इकडे या कायमचे."

"हक्काचं आहे ते. सोडू कसं?"

आज ते सगळं संपलं होतं. कोर्टाबाहेरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला.

"आता काय करणार?" दिवाकरांनी विचारलं.

"मुलगी नागपूरला बोलावतेय केव्हाची. केस आहे, केस आहे म्हणून टाळत होते. आता जाईन म्हणते. तुम्ही?"

"मी आराम करीन."

"करा. फार थकलात."

रिक्षा आली. इरावतीबाई पिशवी सावरत आत बसल्या. सवयीने म्हणाल्या, "बरंय मग, पुढच्या पेशीला..." आणि मध्येच थांबल्या. दोघंही हसले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी दिवाकर बराच वेळ टपरीपाशीच उभे होते. टपरीवाल्याने विचारलं, "और एक लगाऊं, अंकलजी?" त्यांनी मान हलवली.

पुढचे दोन आठवडे त्यांनी खरोखर आराम केला. उठावं, अंघोळ करावी, पेपर वाचावा, पुन्हा आडवं व्हावं. गुडघे मात्र पूर्वीपेक्षा जास्तच दुखू लागले. परेशने तिकीट काढू का विचारलं तर म्हणाले, "थांब जरा. निकालाची नकल मिळू दे."

नकल मिळाली. त्यांनी ती सकाळी खिडकीपाशी बसून वाचली, दुपारी भिंग घेऊन पुन्हा वाचली. मग इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बस पकडून पुष्करचं ऑफिस गाठलं.

"पुष्कर, व्याज कब्जाच्या तारखेपासून धरलंय. पण त्याच्या आधीच तलाठ्याने शेतात खुंट्या ठोकून आम्हाला पेरणी बंद करायला लावली होती. अठरा दिवस आधी. त्या अठरा दिवसांचं व्याज राहिलंय."

पुष्करने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकाजी, मूळ रकमेवर अठरा दिवसांचं व्याज म्हणजे किती, माहितीये? तुमचं बसभाडं निघणार नाही."

"सवाल बसभाड्याचा नाही. हक्काचा आहे. अपील करता येतं की नाही?"

"येतं. तुमची मंजूर झालेली रक्कमही त्यासाठी अडणार नाही. पण पुन्हा तेच बाक, त्याच तारखा. अजून पाच-सात वर्षं सहज. इतके थकलात, आता कशाला?"

"थकलो असेन," दिवाकर म्हणाले. "तरी करायचंय."

पुष्करने ड्रॉवर उघडला, टाइप केलेले कागद काढले आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर सरकवलं.

"घ्या. इथे सही करा."

दिवाकर चकित झाले. "अरे, पण मी आत्ता तर सांगितलं. तू हे तयार कधी केलंस?"

"काल. इरावतीबाई आल्या होत्या. त्यांनीही अठराच दिवस शोधून काढलेत."