जांभळे डाग

कुंदाताईंनी चष्मा लावला आणि मंडईतल्या टोमॅटोंवर जांभळे डाग दिसू लागले. साथ आल्यापासून हे चष्मे घरोघरी आले होते. माणसाची थुंकी जिथे लागली असेल, ती जागा त्यातून जांभळी दिसायची. भाजीवाल्याने बोट जिभेला लावून पिशवी उघडली, तशा त्या पुढच्या गाळ्याकडे वळल्या. त्यातल्या त्यात स्वच्छ दुधी घेऊन त्या घरी आल्या आणि तो नळाखाली चोळचोळून धुतला.

निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक दिगंबरराव, त्यांचे यजमान, करत. वाढण्याआधी त्यांनी डावाने रस्सा चाखला आणि तोच डाव पातेल्यात घातला. कुंदाताईंनी चष्मा अजून काढला नव्हता; त्यातून रस्सा जांभळा होत गेला.

“हे तुम्ही रोज करता?” कुंदाताईंनी विचारलं.

“चव बघायला नको? तुला माझ्याच हातचं आवडतं ना.”

आजवरची सगळी जेवणं घशाशी आली. त्या मोरीत जाऊन ओकल्या. दिगंबरराव पाठ चोळायला आले, पण त्यांचा हात लागताच कुंदाताईंनी अंग चोरलं. त्यांनी हात मागे घेतला.

पुढे साथ ओसरली, चष्मे माळ्यावर गेले. दिगंबरराव मात्र अजून आपलं ताट घेऊन गॅलरीत बसतात, आणि कुंदाताई त्यांना आत बोलावत नाहीत.