चार बाइट

“डुलकी लागली असं लिहून दिलंत तुम्ही?” मुलीने कागद टेबलावर आपटला. “बाबा, एकतीस वर्षं ट्राम चालवताय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुपारी तुमचा डोळा लागत नाही!”

बुटाची नाडी बांधताना वडिलांनी मान वर केली नाही. “माणूस आहे. लागतो कधी कधी.”

“आणि ब्रेक दाबलाच नाही?”

“अहवालात तसंच आलंय ना? मग झालं तर. तू यात पडू नकोस.”

सतरा दिवसांपूर्वी त्यांची ट्राम शेवटच्या थांब्यावर न थांबता सरळ निवाऱ्यात घुसली होती. तिथे उभी असलेली एक शिक्षिका जागीच गेली. गाडीच्या नोंदपेटीने ब्रेकपुढे शून्य दाखवलं होतं. आज साडेअकराला शेवटची सुनावणी होती, आणि आरोपीच कबूल होऊन बसला म्हटल्यावर तुरुंग काही लांब नव्हता.

मुलगी हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती. ट्रामचे प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत ती सहा वर्षं होती. डब्यातल्या पाट्या, थांब्यांच्या घोषणा, असलं प्रवाशांच्या बाजूचं काम तिच्याकडे असे. ब्रेकच्या विभागाशी तिचा संबंध नव्हता. पण नोंदपेटीतला मजकूर कसा उलगडायचा, हे तिला नक्की ठाऊक होतं.

आठ वाजता ती ट्रामच्या शेडमध्ये पोचली. तिथले मिस्त्रीकाका म्हणजे वडिलांचे जिवाभावाचे दोस्त.

“पेटीची नक्कल हवीय, काका.”

“तुझ्या बापाने शपथ घातलीय मला.”

“त्यांची शपथ मोठी की ते मोठे?”

काका बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते. शेवटी त्यांनी खणातून पेनड्राइव्ह काढला. “एक सांगू का पोरी? नको बघूस.”

“द्या हो काका!”

त्यांनी तो दिला आणि पाठ फिरवली.

शेडमधल्याच एका बाकावर तिने लॅपटॉप उघडला. पेटीत नुसती आकड्यांची लांबच लांब रांग होती. पलंग अख्खा जिन्यातून चढत नाही, म्हणून खोलून नेतात आणि वर पुन्हा जोडतात. प्रोग्राममधल्या वस्तूचंही तसंच. तारेतून पाठवायची तर तिचे तुकडे करून एकामागोमाग एक सोडायचे, आणि पलीकडच्याने त्याच क्रमाने ते जोडायचे. क्रम चुकला की पाय उशाला आणि उशी पायाला.

भिंतीवर मागल्या वर्षीचा तक्ता लटकत होता: आधी वेग, मग ब्रेक, मग दारं. प्रत्येकाला चार बाइट. तिने त्या क्रमाने रांग वाचली.

वेग एक्केचाळीस. ब्रेक शंभर. दारं शून्य, म्हणजे बंद.

तिने पुन्हा वाचलं. सलग सात सेकंद, ब्रेक शंभर!

“काका!” ती ओरडली. “बाबांनी ब्रेक दाबला होता! अहवालातलं शून्य ब्रेकचं नाहीच, दारांचं आहे. वाचणारा चार बाइट पुढे सरकलाय!”

काकांनी ऐकलं, पण ते वळले नाहीत.

सुनावणीच्या खोलीत ती धापा टाकतच शिरली. चौकशी अधिकारी नीटस, शांत गृहस्थ होते. वडील समोरच्या खुर्चीत मांडीवर टोपी ठेवून बसले होते. तिला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

तिने सगळं भराभर सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलं. मग विचारलं, “ब्रेक दाबला होता, तर गाडी थांबली का नाही?”

“ब्रेकच्या यंत्रानेही तेच चुकीचं वाचलं, साहेब. शेडच्या वहीत बघून आलेय. त्या सकाळी ब्रेकच्या यंत्रात नवा प्रोग्राम चढवला, चालकापुढच्या यंत्रात जुनाच राहिला. नव्या क्रमात कुणीतरी मध्येच एक जादा रकाना घुसवलाय. बाबा थांब म्हणत होते, आणि यंत्राला ऐकू येत होतं शून्य.”

“असं होऊ नये म्हणून काही सोय नसते?”

“असते ना! क्रम बदलला की आवृत्तीचा आकडा बदलायचा. मग जुनं आणि नवं जुळत नाही, आणि गाडी शेडमधून हलतच नाही. एका ओळीचं काम. तेवढंही केलं नाही.” तिचा आवाज चढला. “याला चूक म्हणत नाहीत, साहेब. एक बाई मेलीय. ज्याने केलं त्याला सोडू नका.”

“कोणी केलं ते कळेल?”

“प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव असतं. नव्या प्रोग्रामबरोबर ती यादी शेडलाही जाते. आत्ता दाखवते.”

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. वडील उभे राहिले होते. टोपी जमिनीवर होती.

“पोरी, उघडू नकोस.” त्यांचे हात जोडलेले होते. “मी लिहून दिलंय ना. उघडू नकोस ते.”

“बसा बाबा. दुसऱ्याचं पाप किती दिवस पोटात घालणार तुम्ही?”

तिने कंपनीच्या खात्यात शिरून बदलांची यादी काढली आणि लॅपटॉप अधिकाऱ्यांकडे वळवला. त्यांनी चष्मा सावरला आणि ते बोट ठेवून वाचायला लागले.

“‘डब्यातल्या गर्दीचा आकडा पाटीवर दाखवण्यासाठी एक रकाना वाढवला.’”

पुढचा शब्द त्यांनी मोठ्याने वाचला नाही. त्यांनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. दोन्हीकडे एकच नाव होतं.